अध्यक्षांचा खोकला

"पिंजऱ्यांची झाकणं काढा," आंबर्डेकर सर म्हणाले. "फोटोत प्राणी दिसले पाहिजेत. काचा काय दाखवायच्यात?"

ती झाकणे म्हणजे नुसत्या काचा नव्हत्या. प्रत्येक झाकणात हवा गाळणारी जाळी होती. ज्या प्राण्यांना पुढच्या आठवड्यात आम्ही मोजूनमापून फ्लूचा विषाणू देणार होतो, त्यांना तत्पूर्वी कुणाचा फुकटचा विषाणू मिळू नये, एवढ्यासाठी ती बसवलेली होती. हे मी सांगितले, आणि पुरेशा विनयाने सांगितले, असे माझे आजही मत आहे. त्यावर सर उपस्थितांकडे वळून म्हणाले, "आमच्या देवस्थळींच्या ताब्यात गणपती दिला, तर त्याचं दर्शनही ते गाळणीतूनच देतील." सगळे हसले. सर्वांत आधी डॉ. पोंक्षे हसले, कारण सर ज्या संशोधन सहयोगाचे अध्यक्ष होते, त्याचे ते सदस्य-सचिव होते आणि त्या पदाचे तेच प्रमुख कर्तव्य होते.

झाकणे निघाली. तोंडावरची पट्टी सरांनी हनुवटीखाली ओढली होती. चेहरा झाकून फोटो काढायचा तर काढायचाच कशाला, हा त्यांचा सवाल निरुत्तर करणारा होता. दाराजवळच्या पिंजऱ्यांवर उजेड चांगला पडतो असे छायाचित्रकाराने सांगितल्यामुळे सर तेथेच ठाण मांडून उभे राहिले, प्रत्येक पिंजऱ्यावर प्रेमाने वाकले आणि प्रत्येक पिंजऱ्यावर खोकले. खोकला कोरडा, लांबलचक आणि सर्वार्थाने अध्यक्षीय होता. डोळे तांबारले होते. खिशातला रुमाल सारखा नाकाशी जात होता.

माझ्याशेजारी, सरांबरोबर पुण्याहून एकाच गाडीतून आलेल्या डॉ. तृप्ती खोब्रागडे उभ्या होत्या. पाहुण्यांना विचारणे शोभणार नाही असा प्रश्न त्यांनी विचारला. "सर, तुम्हाला ताप आहे का?"

"ॲलर्जी आहे," सर म्हणाले. "तुमच्या या डोंगरावरच्या गवताची. दरवर्षी होते."

मग बाहेर नारळ फुटला, पेढे वाटले गेले आणि 'सार्वत्रिक फ्लू लस संशोधनाच्या निर्णायक पर्वाचा शुभारंभ' यथासांग पार पडला.

मी व्यवसायाने पशुवैद्य. सहयोगाच्या त्या डोंगरावरच्या केंद्रातल्या प्राणिगृहाचा प्रमुख होतो. ते प्राणी फेरेट जातीचे होते. दिसायला मुंगसासारखा, अंगाने लांबुडका असा हा प्राणी माणसाचा फ्लू माणसासारखाच घेतो, माणसासारखाच तापतो आणि माणसासारखाच शिंकतो. फरक इतकाच की, त्याला अध्यक्ष करता येत नाही. असे प्राणी आपल्याकडे मिळत नसत. परवानग्या, तपासण्या, विमानप्रवास असा सगळा खटाटोप करून परदेशातून ते आणावे लागत. एक तुकडी आली होती, दुसरी पुढच्या महिन्यात यायची होती, आणि तिसरीची आशा कुणीही धरत नव्हते.

राज्यातल्या पाच शहरांतल्या पाच संस्थांनी एकत्र येऊन हा सहयोग स्थापन केला होता. फ्लूची लस दरसाल नव्याने टोचून घ्यावी लागते, कारण फ्लूचा विषाणू दरसाल रूप पालटतो. एकदाच टोचावी आणि सगळ्या रूपांना पुरावी अशी लस करणे, हे सहयोगाचे ध्येय होते. ध्येय उदात्त होते. पण पाच संस्थांची कार्यपद्धती अशी होती की, प्रत्येक निर्णय एकमताने व्हावा. चार विद्वानांना जे कळते ते पाचव्याला कळेपर्यंत थांबणे, असा एकमताचा अर्थ कुणी लावला असता तर माझी हरकत नव्हती. प्रत्यक्षात पाचही जणांना ज्याची भीती वाटत नाही तेच करणे, असा तो अर्थ होता.

या एकमतातून जी पहिली लस जन्मली, तिला मी खाजगीत पंचामृत म्हणत असे. विषाणूच्या अंगावर काटे असतात. प्रत्येक काट्याला एक डोके असते आणि एक देठ असतो. रूप पालटते ते डोके. पाचही संस्थांनी आपापल्या आवडीच्या विषाणूचे एकेक डोके दिले, पाच डोकी एकत्र घुसळली, कुणाचेही मन दुखावले नाही, आणि सहावे डोके घेऊन विषाणू आला की ही लस त्याच्याकडे बघत बसणार, हे उघड होते. आंबर्डेकर सरांचा या मिश्रणावर फार जीव होता, कारण त्यातले पहिले डोके त्यांचे होते.

खोब्रागडेबाई नागपूरच्या संस्थेतून आल्या होत्या. मूळच्या भंडाऱ्याच्या. त्यांचे म्हणणे सरळ होते. डोके दरसाल टोपी बदलते, देठ मात्र फारसा बदलत नाही, तर लसीने देठच धरावा. माणसांत फिरणाऱ्या या विषाणूंची दोन मोठी घराणी आहेत. बाईंनी देठ घेतला होता पहिल्या घराण्यातला, पण त्यातला जो भाग दोन्ही घराण्यांत सारखा आहे, तेवढाच शाबूत ठेवून बाकीचा छाटून टाकला होता. हे काम त्यांनी कित्येक वर्षे एकटीने केले होते. ही लस फेरेटांवर तपासायला सहयोगाने मान्यता दिली, पण ती देताना बाईंची एक मागणी एकमताने फेटाळली. बाई म्हणत होत्या, लस दुसऱ्या घराण्याच्या विषाणूपुढे तपासा. तिथे टिकली तरच तिला सार्वत्रिक म्हणण्यात अर्थ आहे. सभेचे मत पडले की, पहिल्याच परीक्षेत इतका अवघड पेपर नको. निकाल वाईट लागला तर अनुदान देणाऱ्यांना काय दाखवायचे? म्हणून पहिल्या घराण्यातलाच, लसीच्या सख्ख्या नात्यातला विषाणू निवडण्यात आला. आपल्याच मुलाची तोंडी परीक्षा आपणच घ्यायची आणि त्याला नाव विचारायचे, अशातला तो प्रकार होता.

बाईंची नेमणूक मार्चअखेर संपत होती. प्रयोगातून काही निष्पन्न झाले नाही, तर पुढच्या महिन्यात येणारी दुसरी तुकडी पंचामृताला जाणार, हेही ठरलेले होते. म्हणजे या एका प्रयोगावर त्यांच्या देठाचे जगणे-मरणे अवलंबून होते. त्या हे बोलून दाखवत नसत. मीच बोलत असे.

शुभारंभानंतर दोन-तीन दिवसांत दाराजवळचे प्राणी शिंकू लागले.

ते होते नुसते मिठाचे पाणी टोचलेले, म्हणजे तुलनेसाठी ठेवलेले. अंग तापले, खाणे सुटले, नाके वाहू लागली. खिडकीच्या बाजूला लस दिलेले प्राणी होते. ते मात्र मजेत एकमेकांच्या शेपट्या ओढत होते. आम्ही अजून कुणालाही काहीच दिले नव्हते. मी प्रत्येकाच्या नाकातला स्राव घेतला आणि बाईंनी विषाणू ओळखला. तो होता दुसऱ्या घराण्यातला. त्या हिवाळ्यात पुण्यात घरोघरी फिरत होता, अगदी तोच.

याच सुमारास डॉ. पोंक्षेही फणफणले. त्यांनीही ती ॲलर्जीच मानली. अध्यक्षांना जे झाले त्याहून वेगळे आपल्याला होणे त्यांना औद्धत्याचे वाटले असावे. ज्याने चाळीस वर्षे इन्फ्लुएन्झावर व्याख्याने दिली, त्याला स्वतःचा इन्फ्लुएन्झा ओळखता येऊ नये, आणि त्याच्या सचिवाला तो ओळखण्याची हिंमत होऊ नये, असा हा संशोधकांचा सहयोग होता.

मी मात्र हर्षभरित झालो होतो. सभेने जो पेपर काढायचे नाकारले, तोच अध्यक्षांच्या नाकाने काढला होता, आणि लस त्यात उत्तीर्ण झाली होती. दैवाने इतका सुबक विनोद केल्यावर त्याला नीट दाद देणे हे सुसंस्कृत माणसाचे कर्तव्य ठरते. मी बाईंना म्हणालो की, सभेत हे मांडू, आणि विषाणू कुठून आला तेही नाव घेऊन मांडू. त्यांनी तो विषाणू अंड्यांत वाढवला, कुप्यांत भरला आणि उणे ऐंशीच्या शीतकपाटात ठेवून दिला.

पोंक्षे बरे होताच आले. सोबत सभेसाठी केलेला मसुदा होता. 'अज्ञात स्रोतापासून अनाहूत संसर्ग झाल्याने प्रयोग रद्द समजण्यात यावा.' अज्ञात या शब्दावर मी आक्षेप घेतला. पोंक्षे समजुतीच्या स्वरात म्हणाले, "देवस्थळी, आपण सगळे एकाच बोटीत आहोत. बोटीला भोक कुणी पाडलं, हे विचारून बोट तरंगत नाही." मी म्हणालो की, ज्याच्या हातात अजून गिरमिट आहे, त्याच्या हातून ते काढून घेण्यापुरते तरी विचारावे लागते. त्यांनी माझ्याकडे दयार्द्र दृष्टीने पाहिले आणि चहा न घेता गेले.

सभा भरली. पाच संस्थांचे पाच प्रमुख, पोंक्षे, बाई आणि मी. प्रमुखांपैकी एकट्या कोल्हापूरच्या डॉ. इंदुमती घोरपडे अशा होत्या की, ज्या ठरावावर हात वर करण्याआधी तो वाचत. पोंक्ष्यांनी मसुदा वाचला. पाठोपाठ दुसरी तुकडी पंचामृताला देण्याचा प्रस्तावही वाचला. माना डोलू लागल्या. मी उठलो.

मी फार बोललो नाही. निदान माझ्या मानाने नाही. लस न दिलेले सगळे आजारी पडले, लस दिलेला एकही पडला नाही, आणि विषाणू दुसऱ्या घराण्यातला होता, एवढेच सांगितले. घोरपडेबाईंनी विचारले की, तो आला कुठून.

"फेरेट स्वतःहून फ्लू आणत नाहीत," मी म्हणालो. "माणसाकडून घेतात. त्या दिवशी त्या खोलीत तोंडाला पट्टी नसलेला माणूस एकच होता."

सभागृहातला पंखा किती आवाज करतो, हे तेव्हा प्रथमच सर्वांच्या लक्षात आले असावे.

"मला ॲलर्जी होती," आंबर्डेकर सर म्हणाले.

मी सुचवले की, थोडेसे रक्त तपासले तर ॲलर्जी होती की आणखी काही, ते तासाभरात कळेल. सरांनी माझ्याकडे असे पाहिले की, जणू मी त्यांच्या रक्ताची नव्हे, कुळाची चौकशी केली होती. पोंक्षे घाईने म्हणाले की, अध्यक्षांचे रक्त मागणे सहयोगाच्या संकेतांत बसत नाही. ते खरेही होते. असा संकेत करावा लागेल हे आधी कुणाला सुचले नव्हते, इतकेच.

"थांबा जरा," घोरपडेबाई म्हणाल्या. "विषाणू कुणाचा का असेना. लस दुसऱ्या घराण्यापुढे टिकली, असंच ना हे?"

"दिसतं तरी असंच," मी म्हणालो.

"मग आपल्या सहयोगाचं हे पहिलं खरं यश आहे, आणि आपण ते रद्द करायला बसलोय."

एखादा माणूस पालटताना मी प्रत्यक्ष पाहिला तो तेव्हा. विषाणूला रूप पालटायला एक हंगाम लागतो. आंबर्डेकर सरांना पाण्याचा एक पेला लागला. त्यांनी तो सावकाश रिता केला, रुमालाने ओठ टिपले आणि खुर्चीत मागे रेलले.

"आता सांगायला हरकत नाही," ते म्हणाले. "मला ताप होता. तो कसला आहे हेही मला माहीत होतं. झाकणं काढायला मी काय फोटोसाठी सांगितलं, असं वाटलं तुम्हाला?"

कुणालाच तसे वाटलेले नव्हते, असे क्षणार्धात सर्वांच्या चेहऱ्यांवर उमटले. सर पुढे बरेच बोलले. प्रयोगशाळेत मोजून दिलेला विषाणू हा कृत्रिम असतो. माणसाकडून हवेतून येतो तोच खरा. सभेने अवघड कसोटी नाकारली तेव्हा आपण गप्प राहिलो, कारण सभेचा मान राखायचा होता. पण संशोधकाचे मन स्वस्थ बसेना. तेव्हा स्वतःच्या देहाचा उपयोग केला. देह हा शब्द त्यांनी अशा गांभीर्याने उच्चारला की, औरंगाबादच्या प्रमुखांनी डोळे पुसले. निदान चष्मा तरी काढला.

पोंक्ष्यांची लेखणी तोवर धावू लागली होती. त्यांनी ठराव वाचला. लस दुसऱ्या घराण्यापुढे तपासणे हाच या संशोधनाचा प्राण होय, असे ही सभा मानते, आणि ती कसोटी घेण्याची दूरदृष्टी दाखविल्याबद्दल माननीय अध्यक्षांचे अभिनंदन करते. हात वर झाले. घोरपडेबाईंनी ठराव दोनदा वाचला आणि मग, ओठ मुडपून, हात वर केला. एकमत झाले.

मी तोंड उघडणार होतो. नकळत घडले तर ती हलगर्जी, पण जाणूनबुजून केले तर तो नैतिकता समितीच्या परवानगीवाचून केलेला प्रयोग. म्हणजे सरांनी एका चुकीतून सुटण्यासाठी मोठ्या अपराधाची कबुली दिली होती. हा युक्तिवाद मी मनात घडवत होतो, आणि मला तो फारच आवडला होता. पण सरांनाही ती अडचण दिसली असावी, कारण त्यांनीच ती दूर करायला घेतली.

"अर्थात हे मी एकट्यानं ठरवलं नव्हतं," ते म्हणाले. "प्रमुख संशोधकाला कल्पना दिली होती. तोंडी दिली, पण दिली. येताना गाडीत. ज्यांची लस, त्यांच्या नावानेच हे जायला हवं. परवानगीचं कागदोपत्री काय ते पोंक्षे बघतील. पुढे माणसांवरच्या चाचणीची शिफारस मी स्वतः करीन, आणि नागपूरला नेमणुकीचंही बोलीन. काय डॉ. खोब्रागडे, दिली होती ना कल्पना?"

सगळ्यांच्या नजरा बाईंकडे वळल्या. मला जन्मभर ज्या कलेचा अभिमान वाटला ती वाद घालण्याची कला त्या क्षणी माझ्या कामी आली नाही. कारण प्रश्न मला विचारलेला नव्हता. एका होकाराची किंमत स्पष्ट होती आणि त्यात मिळणारेही स्पष्ट होते. लस माणसांपर्यंत जाणार होती. बाईंची नोकरी टिकणार होती. नकाराने फक्त 'अज्ञात स्रोता'चा मसुदा परत येणार होता.

"नाही सर," बाई म्हणाल्या. "गाडीत तुम्ही झोपले होते. नंतर मी विचारलं, ताप आहे का, तर तुम्ही ॲलर्जी म्हणाले."

"बाई, नीट आठवा," पोंक्षे म्हणाले. त्या स्वरात विनवणीही होती आणि सूचनाही.

"आठवूनच सांगून राहिली."

सरांचा चेहरा पुन्हा पालटला. आता तो अध्यक्षांचा होता, देहदान केलेल्याचा नव्हे. "ठीक आहे," ते थंडपणे म्हणाले. "मग तो अपघात. आणि अपघाताला पुरावा म्हणत नाहीत. प्रयोग रद्द."

"मीबी तेच म्हणते सर. रद्दच करा."

गेल्या पंधरवड्यात मी या निकालाच्या समर्थनार्थ निदान चार भाषणे मनात रचली होती, आणि ज्यांच्यासाठी रचली त्याच तो निकाल कचऱ्यात टाकत होत्या.

"पण सभेने आत्ताच ठराव केला," बाई पुढे म्हणाल्या. "दुसऱ्या घराण्यापुढे तपासणं हाच या संशोधनाचा प्राण. मी पहिल्यापासून तेच मागत होते. तर ते नीट करू. नवे प्राणी येतील ते मला द्या. विषाणूही नवा शोधायला नको. आजारी प्राण्यांच्या नाकातला मी वाढवून ठेवला आहे. या वेळी मोजून देऊ, सगळ्यांना सारखा."

सर म्हणाले की, दुसरी तुकडी दुसऱ्या लसीसाठी राखून ठेवलेली आहे. आता मात्र प्रश्न सभेपुढे होता, म्हणून मी बोललो. मी म्हणालो की, काहीच हरकत नाही. ती लसही याच विषाणूपुढे तपासू. ठरावात कुठल्या लसीचे नाव घातलेले नाही. प्राण सगळ्यांचा सारखाच.

पाच प्रमुखांनी एकमेकांकडे पाहिले. आपापले डोके या कसोटीला बसवायला कुणाची तयारी आहे, असा प्रश्न न विचारताच सर्वांना ऐकू गेला होता.

"आमचं डोकं काही टिकायचं नाही," घोरपडेबाई म्हणाल्या. "मला ठाऊक आहे. तुम्हालाही तुमचं ठाऊक असेल. द्या ते प्राणी तिला."

ठरावाविरुद्ध मत देणे म्हणजे अध्यक्षांच्या दूरदृष्टीविरुद्ध मत देणे. ते कोण देणार? प्राणी बाईंना मिळाले, आणि त्या प्रयोगापुरती मुदतवाढही मिळाली. एकमताने.

बाहेर व्हरांड्यात मी बाईंवर चिडलो. खोटे बोलायला हवे होते असे मी म्हणत नव्हतो. पण अपघात असला तरी निकाल निकालच होता. तो फेकून देण्याचे कारण काय? पुन्हा कसोटी घेतली आणि लस हरली, तर पदरात काय राहणार?

"काय चिडून राहिले सर तुम्ही," बाई म्हणाल्या. "सर खोकले तेव्हा उभे कुठे होते?"

"दाराजवळ. उजेडासाठी."

"आणि दाराजवळ पिंजरे कोणाचे होते?"

एका गटाचा दुसऱ्याला संसर्ग नको म्हणून दोन गट दोन बाजूंना मीच ठेवायला लावले होते. मिठाच्या पाण्याचे प्राणी दाराशी, लसीचे खिडकीशी, मध्ये खोलीची सगळी रुंदी. सरांचा खोकला अध्यक्षीय असला, तरी तो तिकडच्या भिंतीपर्यंत पोचला की नाही, कुणी सांगावे? लसीने विषाणू अडवला, की विषाणू तिथवर गेलाच नाही? ज्या निकालावर पाच संस्थांनी टाळ्या पिटल्या, ज्याच्यासाठी एका माणसाने देह अर्पण केला आणि मी चार भाषणे रचली, त्याचा पोकळपणा फक्त एका व्यक्तीने पाहिला होता. त्या निकालात जिचा सर्वाधिक स्वार्थ होता, तिने.

"तुम्हाला हे केव्हा कळलं?" मी विचारले.

"पहिल्याच दिवशी. पण मला तो विषाणू पाहिजे होता सर. अन् त्यांचा होकार."

दुसरी तुकडी आली. या वेळी नारळ नाही, पेढे नाहीत, झाकणांना कुणी हात लावला नाही. लस दिली, थांबायचे तेवढे थांबलो, आणि मग बाईंनी स्वतः प्रत्येक प्राण्याच्या नाकात विषाणूचे मोजके थेंब सोडले, दाराशी असो की खिडकीशी. मार्चचे ऊन चढू लागले होते. बाई रोज सकाळी येत आणि खोलीत नुसत्या उभ्या राहत.

शिंक प्रथम मी ऐकली. ती दारातून आली नाही. खिडकीच्या बाजूने आली. लस दिलेल्या मादीने डोके झटकले, पुन्हा शिंकली, आणि तिच्या शेजारच्या पिंजऱ्यातून उत्तर आल्यासारखी दुसरी शिंक आली. संध्याकाळपर्यंत दोन्ही बाजू शिंकत होत्या. मला मनातून लाज वाटली, कारण माझा पहिला विचार बाईंविषयी नव्हता. आंबर्डेकर सर आता काय म्हणतील, हा होता.

"शिंकू द्या," बाई म्हणाल्या. त्यांच्या चेहऱ्यावरचे मला काही वाचता आले नाही. "शिंक नाकात असते. आपल्याला आतलं पाहायचं आहे."

ठरल्या दिवशी मी शवविच्छेदन केले. मिठाच्या पाण्याच्या प्राण्यांची फुप्फुसे यकृतासारखी घट्ट आणि काळपट झाली होती. बोटाने दाबले तरी दबत नव्हती. मग लसीचा पहिला प्राणी घेतला, तीच मादी. छाती उघडली. फुप्फुसे गुलाबी होती, हवेने भरलेली, बोटाखाली स्पंजासारखी मऊ. दुसऱ्याचीही तशीच. तिसऱ्याचीही. बाई मेजाच्या पलीकडे उभ्या होत्या. त्यांनी हातमोजा चढवून एका फुप्फुसावर हलकेच बोट ठेवले आणि तिथेच बराच वेळ ठेवले. मला त्या वेळी उपरोधिक असे काही सुचले नाही.

अहवालासाठी पुन्हा सभा भरली. पोंक्ष्यांनी दोन मसुदे तयार ठेवले होते, एक अभिनंदनाचा आणि एक खेदाचा, आणि कोणता वाचायचा ते विचारण्यासाठी ते अध्यक्षांच्या तोंडाकडे बघत होते. बाईंनी आकडे मांडले. ही लस फ्लू टाळत नाही, असे त्यांनी पहिल्याच वाक्यात सांगितले. औरंगाबादच्या प्रमुखांनी चष्मा घातला. दोन्ही घराण्यांपुढे ती फुप्फुस वाचवते की नाही, हे पाहायला पुढची काही वर्षे लागतील, आणि आज फक्त एका घराण्याच्या एका विषाणूबद्दल बोलता येईल, असे त्यांनी दुसऱ्या वाक्यात सांगितले. तिसरे वाक्य नव्हतेच.

"म्हणजे नक्की काय?" आंबर्डेकर सर वैतागून म्हणाले. "वरती काय कळवायचं मी? लस यशस्वी की अयशस्वी? एक काहीतरी म्हणा."

बाईंनी कागद एकावर एक नीट ठेवले.

"सर, शिंक थांबत नाही, जीव जात नाही," त्या म्हणाल्या. "त्याला काय म्हणायचं, ते तुम्ही एकमताने ठरवा."